शाल कुणाला घातली ते वाचा

आज संध्याकाळी आमच्या इंदूरच्या मराठी मंडळात एक जुना ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा दाखवला. सट्टेवाले आणि मॅनेजर मिळून एका गरीब बॉक्सरला मुद्दाम हरायला लावतात, अशी गोष्ट.

सोबत माझी भाची श्रेया होती. सकाळीच तिची बॉक्सिंगची जिल्ह्याची सिलेक्शन बाउट झाली. तिन्ही राउंड तिचेच होते, तरी जिंकली म्हणून हात समोरच्या मुलीचा उचलला. मुख्य पंच त्या मुलीचेच कोच.

सिनेमा संपला आणि प्रमुख पाहुणे म्हणून स्टेजवर आले ते हेच पंच. मी कमिटीत, शाल घालायची पाळी माझी. मी हात लावला नाही. सेक्रेटरी कानाशी येऊन म्हणाले, "ताई, मेहमानांचा असा अपमान नाही करत जी." मग शाल त्यांनीच घातली.

शाल सावरत साहेब बोलले, "तेव्हा खेळात फार गंदगी होती. आता सगळं साफ आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याकडे पाहुण्याला शाल-नारळ देतात, तो काय करून आलाय हे कुणी विचारत नाही.

राजवाड्याच्या ट्रॅफिकमध्ये स्कूटर अडकली तेव्हा मागून श्रेया म्हणाली, "मावशी, त्या हीरोला निदान आधी सांगितलं तरी होतं, की तुला हरायचंय."

तिचे ग्लोव्हज अजून माझ्या डिक्कीत आहेत. ती मागत नाहीये. काय करू, सांगा भिया लोकांनो.