पांगारी

मॅचिंगवाल्या मावशींसमोर नुसतं 'रेड' म्हणून चालत नसे. मुलुंडच्या ज्या अरुंद दुकानात त्या कामाला होत्या, तिथे मी पहिल्यांदा तसं म्हटलं, तेव्हा ब्लाउजपीसच्या ताग्यांतून मान वर न करता त्यांनी विचारलं, "खयचो रेड?" इंग्रजी शाळेत शिकलेली मी. लालच्या पुढे फार तर मरून ठाऊक. आईच्या लग्नातल्या साडीचा रंग पांगारी आहे, हे त्यांनीच सांगितलं. मालवणाकडे त्यांच्या घराच्या कुंपणाला पांगारा होता. पानं झडून गेली की झाडावर नुसती लाल फुलं. "लाल, पण आतून जरा केशरी. जळता तसो."

कापड आत बघायचं नाही, हा त्यांचा नियम. "ट्यूबलाइट खोटा बोलता, बाय. भायर चल." मग गुडघ्यावर हात ठेवत त्या दुकानाच्या तीन पायऱ्या उतरत, साडीवर तुकडा धरून गिऱ्हाइकाकडे बघत आणि पुन्हा वर चढत. दिवसातून किती वेळा, देव जाणे. शेठ म्हणायचे, "मावशी, लोक एवढं बघत नाहीत." मावशी म्हणायच्या, "मी बघतंय ना."

दोन वर्षांपूर्वी मामेभावाच्या लग्नासाठी आईला त्या साडीवर नवा ब्लाउज हवा होता. मावशींनी उन्हात तुकडा धरला आणि म्हणाल्या, "हाच." तो सरळ गुलाबीकडे झुकणारा होता. आईने माझ्याकडे पाहिलं, मी चपलांकडे. तीस वर्षं रंग जुळवणाऱ्या बाईला कोण सांगणार? रिक्षात आई म्हणाली, "जाऊ दे गं, फोटोत कळणार नाही."

यंदा मावशींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यानंतर मी अस्तर आणायला गेले, तर त्या थकून स्टुलावर बसलेल्या. समोर तोच गुलाबीसर तागा उलगडलेला.

"आईचो ब्लाउज ह्यातलोच ना? तुका तेव्हाच दिसला होता?"

"हो."

"मगे सांगूक काय झाला?"

मी अस्तरासाठी आणलेला तुकडा पर्समध्ये शोधू लागले.

"सगळ्यांका भायर कित्याक नेतंय मी? आणखी दोन डोळे बघूक होये म्हणान. आणि तुम्ही सगळी गप. किती जणींका काय काय नेसवलंय, देवाक म्हायत."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या महिन्यात त्यांनी काम सोडलं. शेवटच्या दिवशी त्यांनी मला आईची साडी घेऊन बोलावलं. ब्लाउजपीस काढून ठेवला होता. मी ऑफिसातून थेट आले होते, त्यांचे पाय सुजलेले होते. बाहेर अजून उजेड होता; आम्ही दोघी पायऱ्या उतरलो. त्यांनी तुकडा साडीवर धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

जवळपास तोच रंग होता. 'हो' म्हटलं असतं, तर दोघी सुटलो असतो.

"मावशी," मी म्हटलं, "हा जरा फिका आहे."

त्यांनी तुकडा फिरवून पुन्हा साडीवर धरला. मग म्हणाल्या, "फिको आसा खरो." एका हाताने कठडा आणि दुसऱ्याने माझा खांदा धरून त्या पायऱ्या चढल्या, आणि वरच्या फळीवरचा तागा काढायला स्टुलावर उभ्या राहिल्या.