करंजवाडीची टीम यंदाही खेळली

गेल्या रविवारी वैशाखऱ्याच्या अलीकडच्या माळावर टेनिस बॉलच्या मॅचेस होत्या. आमच्या करंजवाडीची टीम तिथे दरवर्षी असते. जिंकत नाही, पण असते...

यंदा मात्र अडलं. आमची बरीचशी माणसं कल्याण-बदलापूरला गेली, गाव रोडावलं, आणि आमची ग्रामपंचायत शेजारच्या आवळेगावात विलीन झाली. आता आम्ही आवळेगावचा एक पाडा. आणि स्पर्धेचा नियम असा, की एका गावाची एकच टीम.

"तुमी आता आवळेगावातून खेळायचं ना," टीमची नावं लिहून घेणारा टेबलावरचा माणूस म्हणाला. त्याचं तरी काय चुकलं?

आमचे शेवटचे सरपंच नामदेवकाका मॅच बघायला मुद्दाम आले होते. हे ऐकलं आणि खुर्चीतून उठून जीपकडे चालू लागले. पंचायतीच्या ऑफिसला कुलूप लागलं त्या दिवशीही ते असेच उठून निघाले होते...

तेवढ्यात आवळेगावचा कॅप्टन भास्कर आला. शाळेपासून आमचं याच्याशी वैर. आमचे दोन चांगले बॉलर त्याला आयते मिळत होते. मला वाटलं, हा आता त्यांच्या हातात टी-शर्टच देणार.

तो सरळ टेबलाशी गेला. "यांना वेगळं खेळू द्या. आमची हरकत नाय."

"अरे, पण पंचायत एक झाली ना तुमची?"

"झाली ना. मग यांच्याशी मॅच कोण खेळणार? आमी काय आमच्याशीच खेळू?"

सगळे हसले. टेबलावरचाही हसला आणि मान डोलावली. मग माईकवरून पुकारा झाला, "करंजवाडी विरुद्ध आवळेगाव!" अख्ख्या माळावर आमच्या गावाचं नाव घुमलं... अंगावर काटा आला हो.

नामदेवकाका जीपच्या दाराशीच थांबले. वळले आणि तिथूनच ओरडले, "टॉस तरी जिंका रे!"

टॉस जिंकलो. मॅच हरलो. शेवटच्या ओव्हरला भास्करने मलाच सिक्स मारला, वर येऊन पाठीत धपाटाही घातला.

नंतर दोन्ही टीम टेम्पोच्या सावलीत वडापाव खात बसल्या. नामदेवकाका भास्करला बॅट कशी धरायची ते शिकवत होते, आणि तोही ऐकून घेत होता!

भास्कर, तोंडावर बोलायला जमलं नाही म्हणून इथे लिहितोय. कागदावर आम्ही आता पाडा... पण तू आम्हाला गाव म्हणून धरलंस. लई बरं वाटलं रे.