उरलेल्या पट्टीवरचं गाणं

बाजारचा दिवस होता. प्रेमदास दुकानाचं शटर वर करत होता आणि रस्त्यापलीकडच्या संतरामच्या हॉटेलात, मडक्यावर ठेवलेल्या स्पीकरमधून, प्रेमदासची सख्खी बहीण मिना रडत होती.

रडत होती म्हणजे गात होती. बंजारा तांड्यातली पोरगी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून जे गाणं रडत रडत म्हणते, त्याला ढावलो म्हणतात. आईला एक कडवं, बापाला एक, भावाला एक. चाल पिढ्यान्‌पिढ्यांची असते, शब्द ज्या त्या पोरीचे. मिनाचं लग्न होऊन आता वर्ष होत आलं होतं. ती तिकडे शिरड शहापूरच्या बाजूला सासरच्या तांड्यात नांदत होती, आणि तिचं रडणं इकडे जवळा बाजारात भज्यांच्या घाण्याबरोबर चाललं होतं.

एरवी हा आवाज ऐकला की प्रेमदासच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. पण आज बाकावर बसलेला, तांड्यातांड्यांत कापूस मोजत फिरणारा एक मापाडी चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "अरे, ही तर नाव घेऊन राहिली. ऐका. लालसिंग नायकाचा तांडा म्हणते. तिथं पाणी न्हाई, सावली न्हाई, मला उकिरड्यावर टाकून राहिले म्हणते."

हॉटेलभर हशा पिकला. "नायकाची सून लई पोचलेली दिसते," कोणीतरी म्हणालं.

प्रेमदासच्या हातातलं शटर तसंच अर्ध्यावर राहिलं. लालसिंग म्हणजे मिनाचा सासरा. तांड्याचा नायक, तिथला पुढारी, रागीट, शब्दाला जपणारा माणूस. आणि दर बाजारी दुपारचा चहा तो ह्याच हॉटेलात, ह्याच बाकावर घ्यायचा.

ते गाणं त्या स्पीकरपर्यंत पोचवलं होतं प्रेमदासनंच, आणि कशापायी, ते सांगायला हवं. त्याचा धंदा कॅसेटी भरून द्यायचा. गिऱ्हाईक आपल्या पसंतीची गाणी सांगणार आणि हा दोन खणांच्या डेकवर ती कोऱ्या कॅसेटीत उतरवून देणार. अशी दुकानं वसमतला होती, हिंगोलीलाही होती. पण गाणी संपल्यावर कॅसेटीच्या टोकाला थोडी पट्टी उरते. बाकीचे दुकानदार ती कोरी सोडत. प्रेमदासला ते बघवत नसे. त्या उरलेल्या पट्टीवर तो न विचारता, पैसे न घेता, स्वतःच्या पसंतीचं एक गाणं भरून द्यायचा. कुठल्या उरुसात रात्र जागून टिपलेली कव्वाली, एखाद्या म्हाताऱ्याचं एकतारीवरचं भजन, वसमतच्या ऑर्केस्ट्रातल्या सनईवाल्यानं मध्येच मारलेली एक तान. हट्टा गावचा माळकरी अभंगाची कॅसेट नेई आणि आठ दिवसांनी लाजत लाजत विचारी, "त्या शेवटाला कोण मियाभाई गातो हो? त्याचं आणखी हाय का?" कॉलेजची पोरं सिनेमाची गाणी न्यायला येत आणि म्हाताऱ्याचं भजन मागत परत येत. त्या भागात नवं गाणं माणसापर्यंत पोचायचं ते असं, उरलेल्या पट्टीवरून.

कुठे काही वाजणार अशी कुणकुण लागली की हा लुनावर टेप बांधून निघालाच. घरी म्हातारे आईबाप होते, शेत होतं, बहिणीचं लग्न ठरत होतं. ह्याचं लक्ष असायचं ते टेपवरची आवाजाची सुई किती हलते इकडे.

ज्या उन्हाळ्यात हिंगोली जिल्हा झाला, त्या उन्हाळ्यात मिनाचं लग्न झालं. निघताना तिनं ढावलो धरला आणि प्रेमदास हातात टेप घेऊन उभा राहिला. असला आवाज त्यानं कुठल्या उरुसात ऐकला नव्हता. पुढे काही महिने ती कॅसेट त्यानं पेटीत जपून ठेवली. चुकून कोणी पुसू नये म्हणून तिच्या पाठीवरचं प्लास्टिकचा दातही मोडून टाकला. पण असला माल लपवून ठेवायचा म्हणजे त्याचा जीव गुदमरायचा. दिवाळी झाली आणि त्यानं तो ढावलो संतरामच्या कॅसेटीच्या शेवटाला भरला. बोली तांड्याची, बाजारात कोणाला कळणार? लोक नुसता आवाज ऐकायला थांबू लागले. मग ह्यानं आणखी दोघातिघांना भरून दिला. बहिणीला विचारावं, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

आणि आता मापाडी हसत होता. नवऱ्याच्या घराला नावं ठेवणं हे ढावलोत चालतंच. अंगणात चालतं, आपल्या माणसांत चालतं. पण भर बाजारात, परक्या माणसांच्या चहाच्या कपात नायकाची इज्जत बुडवायची, हे कुठला सासरा खपवून घेईल? सुनेला बापाच्या दारात आणून सोडायला असल्या माणसाला वेळ लागत नाही.

प्रेमदास धावतच रस्ता ओलांडून गेला. "संतरामभाऊ, ती कॅसेट द्या. पट्टी गुतून राहिली तिची. दुसरी देतो."

"कुठं गुतली? चांगली वाजून राहिली की!" संतराम झारा हलवत म्हणाला. "लोक तिच्यापायी बसतात. काहून नेऊन राहिला?"

"द्या म्हणलं ना!"

आवाज इतका चढला की भजी खाणारे वळून बघायला लागले. संतराम चपापला आणि त्यानं कॅसेट काढून दिली. प्रेमदास दुकानात आला, त्यानं शटर आतून खाली ओढलं. पहिल्यांदा मूळ कॅसेट. ती सापडली तर कोणाला तोंड दाखवणार? मोडलेल्या दाताच्या जागी त्यानं चिकटपट्टी लावली, कॅसेट डेकमध्ये घातली आणि तिच्यावर रेडिओवरचा बाजारभावाचा कार्यक्रम सोडला. मिनाच्या आवाजावरून सोयाबीन आणि तूर फिरून गेली. मग संतरामची कॅसेटही तशीच पुसली. बाकीच्या कोणाकडे आहेत ते तो आठवू लागला. त्याला माणसं नावानं आठवत नसत, गाण्यांनी आठवत. बासरी मागणारा जीपवाला. लावणीवाला कंडक्टर. आजच्या आज गाठून आणू, असं म्हणून त्यानं शटर वर केलं.

दारात लालसिंग नायक उभा होता.

पांढरं धोतर, लाल पागोटं, हातात काठी. तो आत आला नाही, बसलाही नाही. "मागल्या बाजारी लेंगीची कॅसेट नेली होती तुझ्याकडून," तो म्हणाला. लेंगी म्हणजे होळीला तांड्यात गातात ती गाणी. "तिच्या शेवटाला काय भरलंस?"

प्रेमदासला आठवलं. होळीची घाई होती, लेंगीच्या कॅसेटी त्यानं एकीवरून दुसरी अशा भराभर उतरवल्या होत्या. पहिलीच्या शेवटाला ढावलो होता. तो सगळ्यांत उतरला असणार.

"नायकजी, ते चुकून..."

"इथं नको. जीपमधी बस. मिना बोलावून राहिली तुला."

काळीपिवळीत माणसं कोंबलेली होती. प्रेमदास मागच्या फळकुटावर, दोन पोत्यांच्या मध्ये. लालसिंग पुढे, पाठमोरा. कापसाचं भावताव चाललं होतं, बायका बांगड्या दाखवत होत्या, आणि प्रेमदासच्या डोक्यात एकच चाललं होतं. मिनाचं सामान बांधून ठेवलं असेल का? आईला काय सांगू? बापू तर माझं तोंड बघणार नाही. शिरड शहापूरच्या फाट्यावर उतरून तांड्याची वाट धरली, तेव्हा तो नायकाच्या दहा पावलं मागे चालत होता.

अंगणात बाजेवर टेप मांडलेला होता. मिनाची सासू रूपाबाई खाली बसून शेंगा फोडत होती. मिना उंबऱ्याच्या आत, डोक्यावरून पदर ओढून. सामान कुठे दिसलं नाही. प्रेमदासनं पाणीसुद्धा घेतलं नाही, सरळ लालसिंगच्या पायाशी वाकला. "चूक माझी हाय नायकजी. तिला ठाऊक पण न्हाई. बोलायचं ते मला बोला, मारा, पण तिला..."

"उठ," लालसिंग म्हणाला. "आमच्या घराला नावं ठेवली म्हणून भेला व्हय? ती तर हिनंबी ठेवली होती." त्यानं रूपाबाईकडे हनुवटी उडवली. "माझ्या बापाला राक्षस म्हणली होती."

"म्हणले होते, बराबर म्हणले होते," रूपाबाई मान वर न करता म्हणाली.

"बाजारात वाजवलंस त्याचा जाब मी घेईन, सोडणार न्हाई. पण आज त्याच्यापायी न्हाई आणलं तुला. बस. ऐक."

त्यानं बटण दाबलं. लेंगीचं शेवटचं गाणं संपलं, थोडी खरखर झाली आणि मिना गाऊ लागली. आईचं कडवं झालं. बापाचं झालं, त्यातच तो उकिरडा आला. रूपाबाईचा हात शेंगांवरच थांबला होता. मग आवाज एकदम जवळ आला, टेपला खेटून आल्यासारखा. "भिया..." मिनानं भावाला हाक मारली, "भिया रे..."

आणि खट्. पुढं नुसती खरखर.

"सगळा तांडा ऐकून राहिला आठ दिसांपासून," रूपाबाई म्हणाली. "बाया येतात, ऐकतात, रडतात. पण हे इथंच तुटतं. बापाचं हाय, आईचं हाय. भावाचं कुठं हाय?"

"पट्टी... पट्टी संपली असंल," प्रेमदास म्हणाला.

उंबऱ्याच्या आतून पदर हलला. लालसिंगनं ते पाहिलं. सासऱ्यासमोर सून बोलत नाही. "बैलाला पाणी दावून येतो. बोला तुमी बहीणभाऊ," असं म्हणून तो काठी घेऊन निघून गेला.

"पट्टी संपली का तू तोडलं?" मिनानं विचारलं.

खोटं बोलायला जीभ उचलली नाही. "जीपचा हॉर्न वाजत व्हता मागं. वरातीवाल्यांची घाई. ते कडवं खराब झालं व्हतं, मिना. ऐकायला बरं वाटत नव्हतं. म्हणून भरलं न्हाई."

"मग मूळच्यात असंल. तेवढं आणून दे. खराब असलं तरी चालंल."

प्रेमदास खाली बघू लागला. अंगणात कोंबडी शेंगांची टरफलं उकरत होती. मिना उंबरा ओलांडून बाहेर आली. "काय झालं?"

"सकाळी पुसलं. भेलो व्हतो. तुझ्यासाठीच पुसलं गं."

मिना खांबाला धरून उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं प्रेमदासला वाटलं.

"काय व्हतं त्याच्यात?" त्यानं हळूच विचारलं. "काय म्हणली व्हतीस?"

"तुला ठाऊक न्हाई?"

"न्हाई आठवत."

"पट्टी कशाला पायजे तुला, भिया? तुझ्या गळ्यात पडून म्हणले होते मी. तुझ्या कानात."

प्रेमदासनं आठवायचा खूप प्रयत्न केला. बहिणीचं डोकं खांद्यावर होतं, ते आठवलं. तिच्या हातातल्या बलियांचा, त्या जाड पांढऱ्या बांगड्यांचा, आवाज टेपमध्ये येतोय म्हणून त्यानं हात जरा लांब धरला होता, तेही आठवलं. सुई लाल रेघेपाशी गेली होती. हॉर्न वाजला तेव्हा आपल्याला किती राग आला होता. सगळं आठवत होतं. शब्द तेवढे नव्हते.

"बारावीचा निकाल लागायचा व्हता," मिना म्हणाली. चाल नव्हती, साधं बोलणं. "मी म्हणले, भिया, सगळे कानं बंद करून बसले, तू तरी ऐक. निकाल लागूस्तोवर थांब म्हण बापूला. मला नर्सचं शिकायचं हाय. एवढंच व्हतं."

"सगळ्याच पोरी ढावलोत काही ना काही म्हणतात, मिना. मला वाटलं..."

"व्हय. सगळ्यांनाच तसं वाटलं." तिनं खांबावरचा हात काढला. "बरं, ते गेलं. दिवाळीला आले तवा दुकानात येऊन इचारलं तुला, निकाल बघितला का कोणी. कानाला ते लावून बसला व्हतास. बघतो म्हणलास."

त्याला आठवलं. तेव्हा तो त्या एकतारीवाल्या म्हाताऱ्याचं भजन उतरवत होता.

रूपाबाईनं शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली. "हिला मी इचारलं, पुढं काय व्हतं गं? पयले सांगेना. मग सांगितलं. काल नायक हिच्या शाळेत जाऊन आले. पास झाली ती. चांगल्या मार्कांनं. नर्सचं कुठं शिकवतात ते बी इचारून आले."

सगळ्या मुलुखात कोण काय गातो, कुठं गातो, कोणाचा सूर कुठं लागतो, हे प्रेमदासला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. त्याला स्वतःची लाज वाटली, इतकी की मान वर होईना.

"मिना," तो शेवटी म्हणाला, "टेप न्हाई आणला. आता म्हण. सगळं ऐकतो."

मिनानं पदर डोक्यावर सारखा केला. "ढावलो एकदाच म्हणतात, भिया. निघताना." आणि ती आत जाऊन त्याच्यासाठी चहाचं आधण ठेवू लागली.