आठव्या मजल्याचा कंदील

भूमिती कुणाचा हुद्दा पाहत नाही, मजला पाहत नाही. तिच्यापुढे सगळे समान. हे वाक्य आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या अध्यक्षांचं. ते नवव्या मजल्यावर राहतात.

दिवाळीआधीच्या सभेत त्यांनी योजना मांडली. यंदा बाजारचे कंदील नकोत. प्रत्येक मजल्यावर लिफ्टसमोर एक कंदील, तो ते स्वतः बनवणार, आणि तोही निव्वळ त्रिकोणांचा. सगळ्या कामट्या एका मापाच्या. खळगा कुठेही नको, सगळीकडून बाहेर फुगलेला हवा. पहिल्या मजल्याला चार त्रिकोण, पुढे दर मजल्याला दोन जास्त. एकेक का वाढवायचा नाही, तर प्रत्येक कामटी दोन त्रिकोणांत वाटलेली असते, म्हणून आकडा समच लागतो. हे त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. नवव्याला ओघानेच वीस आले. टाळ्या झाल्या.

आठवडाभरात कंदील लागू लागले. जाता-येता मी ते ताडून पाहत होतो. पहिल्या मजल्याचा समोशासारखा. तिसऱ्याचा, आठ त्रिकोणांचा, खाली-वर टोकदार आणि देखणा. पाचव्याचा बारा त्रिकोणांचा असून कुणीतरी चिमटीत धरल्यासारखा दबलेला. नवव्याचा जवळजवळ चेंडूसारखा गोल, सगळ्यांत सुरेख. आठव्याचा नव्हताच.

"आठव्याचा पुढच्या वर्षी बघू," अध्यक्ष लिफ्टमध्ये म्हणाले आणि आकडे बदलणाऱ्या पट्टीकडे बघत राहिले.

गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसवायला आमच्या आठव्या मजल्याने विरोध केला होता. त्यामुळे मला जे वाटलं तेच समोरच्या वहिनींनाही वाटलं.

"भावजी, बरोबर आपलाच मजला कसा सापडला हो?"

वहिनींचा प्रश्न माझ्यापेक्षा गंभीर होता. मुलीचं लग्न उन्हाळ्यात झालं होतं आणि जावई पहिल्या दिवाळसणाला येणार होते. तळापासून मजल्यामजल्यावर उजेड आणि सासुरवाडीच्या दारात अंधार, हे त्या होऊ देणार नव्हत्या.

मी अध्यक्षांकडून त्यांच्याच मापाच्या कामट्या आणल्या आणि वहिनींच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही अठरा त्रिकोण जुळवायला बसलो. अर्ध्यापर्यंत छान जमलं. मग एका कोपऱ्यावर सहा त्रिकोण एकत्र आले. तीन, चार, पाच आले तर कोपरा वर उठतो. सहा आले की चपातीसारखा सपाट होतो, नाहीतर आत बसतो. तो कोपरा सोडवला की सहा त्रिकोण दुसरीकडे जमत.

"फुगवा की जरा," वहिनी म्हणाल्या.

"फुगत नाही."

"मग अध्यक्षांनी कामट्याच तशा दिल्या असतील."

हे मलाही पटलं, म्हणून मी पट्टी लावून पाहिली. कामट्या सारख्याच होत्या.

शेवटी इंटरनेटवर शोधलं. समभुज त्रिकोणांचे असे बाहेर फुगलेले आकार जगात फक्त आठ आहेत. चारपासून वीसपर्यंत सगळे सम आकडे जमतात; मधला अठरा तेवढा जमत नाही. इतकी सोयीची माहिती मी सहसा मानत नाही. पण कोपरे मोजून पाहिले. अठरा त्रिकोणांना अकरा कोपरे येतात. कुठेच सहा येऊ द्यायचे नसतील तर दहा कोपऱ्यांवर पाच-पाच आणि एकावर चार हवेत, आणि तशी जुळणी होतच नाही. मी दोन दिवस खटपट केली. नाही झाली.

वहिनींना सांगितलं. रागावल्या की त्या मालवणीवर येतात.

"वीस जमतत आणि अठरा नाय? ह्यां कोणाक सांगतास? नवव्यार कोण ऱ्हवता, तां बघा आधी!"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते अध्यक्षांच्या बाजूचं होतं.

अध्यक्षांनाही सांगितलं. त्यांना हे आधी ठाऊक नव्हतं, हे चेहऱ्यावर दिसलं. सावरायला मात्र त्यांना वेळ लागला नाही.

"म्हणजे आठवा मजला मुळातच नियमात बसत नाही," ते म्हणाले. "माझा अनुभव तोच आहे."

त्यावर वहिनींनी सुरी घेतली आणि काही नव्या कामट्या मापापेक्षा लांब कापल्या. माप सोडलं तसा सहाचा कोपरा निमूट वर आला. त्रिकोण अठराच, फक्त सारखे नव्हते. वेडीवाकडी बाजू भिंतीकडे करून आम्ही कंदील टांगला. अध्यक्षांनी त्याचा फोटो 'नऊ मजले, नऊ कंदील' असं लिहून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. मापाचं कुणी विचारलं नाही. मी तरी कशाला विचारू?

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी जावई आले. आम्ही दोघं लिफ्टसमोर उभे होतो, वहिनी ओवाळणीचं ताट घेऊन. लिफ्ट आमच्यासमोरून न थांबता वर गेली. जावयांनी चुकून नऊ दाबलं होतं. अध्यक्षांनी त्यांना कंदिलाचे वीस त्रिकोण मोजून दाखवले, चकली दिली आणि जिन्याने खाली पाठवलं.