अर्ध्याचा घोर

रेबेकाबाई खर्ड्याच्या बाजूला तेवीस वर्षं नर्स होत्या. झोळी लावलेला ताणकाटा घेऊन त्या वस्त्यावस्त्यांवर बाळांची वजनं करत हिंडायच्या. "बाळ लई गुटगुटीत हाय," असं घरातली म्हातारी कितीही सांगो, काटा बघितल्याशिवाय बाईंचं समाधान होत नसे.

निवृत्तीनंतर त्या पतीबरोबर, प्रभुदासरावांबरोबर, भिंगारला राहायला आल्या. लेक प्रार्थना अमेरिकेत बाळंत झाली, तेव्हा व्हिसाअभावी त्यांना जाता आलं नाही. जावई पॉलने मात्र सासूबाईंसाठी मुद्दाम किलोत वजन कळवलं: तीन किलो दोनशे. मुलाचं नाव नोहा.

चौथ्या दिवशी सकाळी प्रार्थनाचा फोन आला. आवाज दमलेला होता. "आई, आज वजन केलं. अर्धा कमी भरला," ती म्हणाली. बाईंनी पुढचं विचारायच्या आत बाळ रडायला लागलं आणि फोन ठेवला गेला.

जन्मल्यावर बाळ थोडं उतरतंच. पण अर्धा किलो? अशी उतरलेली दोन बाळं बाईंनी जीपमध्ये घालून जामखेडच्या दवाखान्यात नेली होती. त्यांनी पॉलला दोनदा फोन लावला, पण तिकडे रात्र झालेली. कोणी उचलला नाही. शेवटी मेसेज टाकला: लघवी किती वेळा होते, दूध ओढतो का, कळव. प्रभुदासरावांना त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचं ब्लडप्रेशर वाढायला नको. दुपारी ताटावर बसल्या, पण घास उतरेना.

संध्याकाळी पॉलचा फोन आला. लघवी, दूध, सगळं व्यवस्थित असल्याचं त्याने सांगितलं.

"दवाखान्याचा कागद वाचून दाखव," बाई म्हणाल्या.

"सहा पौंड नऊ औंस."

"पौंड? मग सकाळचा अर्धा कशाचा?"

"पौंडाचाच, आई. इथे बाळांचं वजन पौंडातच सांगतात. प्रार्थनाच्या तोंडात तेच बसलंय."

बाईंनी कॅलेंडरच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने हिशेब मांडला. अर्धा पौंड म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम. नोहा तीन किलोला जरासाच कमी होता. चार दिवसांच्या बाळाने एवढं उतरावंच. त्या पदराने डोळे पुसू लागल्या.

आता कुठे प्रभुदासरावांना सगळं कळलं. दिवसभर एकटीनेच घोर लावून घेतला म्हणून ते रागावले. मग उठले, दुपारची आमटी गरम केली आणि भाकरीबरोबर त्यांच्यापुढे आणून ठेवली. बाई पोटभर जेवल्या.