तिला झोपू दिलं ती दुपार

मी तीस वर्षं भूगोल शिकवला. एका रेखांशाला चार मिनिटं, पूर्वेला गेलात तर मिळवा, पश्चिमेला गेलात तर वजा करा. हे मी इतक्या पोरांच्या डोक्यात घातलं की रिठदच्या रस्त्यावर आजही एखादा मिशीवाला गडी मला पाहून 'चार मिनिटं, गुरुजी' म्हणतो आणि हसतो. भारताची घड्याळं साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेली, आमचं गाव सत्त्याहत्तरच्या आसपास. म्हणजे घड्याळात बारा वाजले तरी सूर्य आमच्या डोक्यावर यायला वीसेक मिनिटं घेतो. शाळेच्या मैदानात काठी रोवून, तिची सावली मोजून मी हे पोरांना दाखवत असे.

असा माणूस वेळेच्या बाबतीत चुकेल असं कुणाला वाटणार नाही. मलाही वाटलं नव्हतं. माझं गणित त्या दिवशी अगदी बरोबर आलं होतं.

माझी एकुलती एक लेक अमेरिकेत, पार पश्चिमेच्या टोकाला असते. तिचं घड्याळ आमच्यापेक्षा साडेबारा तास मागं, हिवाळ्यात साडेतेरा. गेल्या उन्हाळ्यात तिची आई गेली. सकाळचे साडेअकरा. भाकरी टाकता टाकता 'जीव घाबरून राह्यला' म्हणाली, भिंतीला टेकून बसली, आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन येईपर्यंत संपलं होतं.

घर माणसांनी भरलं. माझा साळा म्हणाला, "भाऊजी, पोरीले फोन लावा पहिले." मी घड्याळ पाहिलं. साडेबारा. म्हणजे तिच्याकडे रात्रीचे बारा. मी म्हणालो, "तिथं रात्र हाये. झोपू दे तिले. उठून तरी काय करन? येणं तर होत नाही. एकटी रडत बसन रातभर." त्याने दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा मी मान हलवली.

जुनी माणसं घाई करत होती, दिवस बुडायच्या आत माती झाली पाहिजे म्हणून. चार वाजता आम्ही निघालो. आता आमच्याकडे माती मोबाइलवर दाखवतात. पोचू न शकलेल्यांसाठी कुणीतरी फोन धरून उभं राहतं. त्रिशरण-पंचशील झालं, मेणबत्त्या लागल्या, आणि माझ्या बहिणीच्या पोरीने पुण्यात बसून मामीचा चेहरा पाहिला. पोटच्या पोरीने पाहिला नाही.

संध्याकाळी साडेसहाला, तिचे सकाळचे सहा वाजल्यावर, मी फोन लावला. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "माती झाली?"

"झाली."

"बरं," ती म्हणाली.

रडली नाही. मला ते 'बरं' अजून ऐकू येतं.

तेव्हापासून लेक मला दर रविवारी सकाळी आठला फोन करायची. एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही. जेवले का, बीपीची गोळी घेतली का, ऊन किती. पाच मिनिटांत ठेवायची. तोंडातून एक वाकडा शब्द नाही, त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा. भांडली असती तर बरं झालं असतं. सोमवार ते शनिवार या घरात माझा आवाज मलाच ऐकू यायचा, तोही कुकरच्या शिट्ट्या मोजताना. एकट्या माणसाचा दिवस फार लांब असतो हो. तो कोणत्याच रेखांशात बसत नाही.

अशाच एका रविवारी ऊन-पाऊस बोलून झाल्यावर, फोन ठेवायच्या आधी, ती सहज म्हणाली की त्यांच्या कामात सगळ्या देशांतली माणसं असतात, म्हणून ती सगळी एकच वेळ लिहितात, शून्य रेखांशावरची. जगभर तसंच करायला पाहिजे, तुमचे सकाळचे आठ आणि आमचे आदल्या संध्याकाळचे साडेसात ही कटकट कायले पाहिजे, सगळ्यांना एकच घड्याळ द्यावं.

माझ्यातला गुरुजी ताडकन उठला. "वा गं बाई! मंग आमच्या कोंबड्यानं रातच्या एक वाजता आरवावं का? शाळा पहाटे साडेपाचले भरवू?"

"नाव बदललं, बाबा. सूर्य थोडाच बदलते? तुमच्या सकाळले एक म्हणाचं, झालं."

"अन् कोणाचं घड्याळ धरणार? गोऱ्यायचंच ना? मी म्हणतो, वाशिमचं धरा. आपल्या इथं त्या महादेवाच्या देवळातून जुनी मध्यरेषा जाते म्हणतात. जगाले सांग, वाशिमले बारा तर सगळ्यायले बारा."

ती हसली. वर्षभरात पहिल्यांदा हसली. त्या दिवशी फोन पंचवीस मिनिटं चालला.

मग काय, मला धंदाच मिळाला. आठवडाभर मी पाठकोऱ्या कागदांवर मुद्दे काढायचो. एकच घड्याळ केलं तर कुठल्या तरी देशात दुपारी जेवताना तारीख बदलेल, सोमवारी भात कालवला आणि मंगळवारी हात धुतला. बाजारात टमाटे घेताना भाजीवालीला सगळं समजावलं. ती म्हणाली, "गुरुजी, आमची मोटार लाइन येईन तवा चालते. आमाले कोणतंबी घड्याळ सारखंच." हा मुद्दा लेकीच्या बाजूचा होता, तरी मी तो तिला प्रामाणिकपणे सांगितला. तिला फार आवडला. तीही तिच्याकडून मुद्दे आणायची. आम्ही भांडत होतो आणि मी खूश होतो. मला वाटलं, तुटलेलं जुळून राह्यलं.

चौथ्या रविवारी मी माझा हुकमी पत्ता काढला. म्हणालो, "हे पाय बाई. वेगळ्या वेळेचा सगळ्यात मोठा फायदा काय? घड्याळ पाह्यलं, वजाबाकी केली, की समोरचा झोपला हाये हे आपल्याले समजते. आपण त्याले उठवत नाही. तुह्या एका घड्याळात हे कसं समजन?"

मी कागदावर त्या मुद्द्यापुढे बरोबरची खूण केली.

मग ती हळू म्हणाली, "तेच तर, बाबा. जगात एकच घड्याळ असतं ना, तर तुमी मले त्या दिवशी झोपू दिलं नसतं."

आणि मग, "मी झोपली पण नव्हती. बारा वाजता जागीच होती. दुसऱ्या दिवसाचा डबा भरून राह्यली होती."

तिने 'गोळी घ्या' म्हटलं आणि फोन ठेवला.

सोमवार-मंगळवार मी स्वतःशी फार वाद घातला. तिच्या भल्यासाठीच केलं ना, असं शंभरदा म्हणून पाहिलं. पण घरात दुसरं कुणी नसलं की माणसाला स्वतःला फसवणं जड जातं. खरं सांगतो. तिच्या झोपेची काळजी मला होती, पण त्याहून जास्त भीती होती. 'तुही माय गेली' हे चार वाजेपर्यंत, पाच वाजेपर्यंत मला बोलावं लागू नये, एवढंच मला पाहिजे होतं. घड्याळाने निमित्त दिलं आणि मी ते घेतलं. मी भित्रेपणा केला आणि त्याला रेखांशाचं नाव दिलं.

बुधवारी जेवण झाल्यावर मी फोन हातात घेतला. दुपारचे अडीच. तिच्याकडे रात्रीचे दोन. वजाबाकी आपोआपच झाली, तीस वर्षांची खोड. तरी मी नंबर लावला.

दुसऱ्या रिंगला तिने उचलला. आवाज झोपेने जड. "काय झालं बाबा? बरे आहा ना तुमी?"

"बरा हाये. मले काही नाही झालं," मी म्हणालो. "तुले उठवाचं होतं. त्या दिवशी उठवाले पाहिजे होतं, भेलो मी."

तिने फोन ठेवला नाही.

मग मी तिला सांगायला लागलो. भाकरीपासून. आई भिंतीला कशी टेकली, तांब्या माझ्या हातातच कसा राहिला, कोण कोण आलं, बायांनी तिला आंघोळ कशी घातली, मामा दोनदा म्हणाला तरी मी कसं ऐकलं नाही. काही गाळलं नाही. मध्येच तिने एकदाच विचारलं, "लुगडं कोणतं होतं?"

"पांढरं," मी म्हणालो. "तुह्या पहिल्या पगाराचं. आम्ही नवीन आणत होतो, तर बाया म्हणाल्या, तिनं हेच ठेवलं होतं काढून, शेवटच्या दिवसासाठी. पोरगी नेसवन म्हणे."

तेव्हा ती रडली. मी फोन कानाला लावून ओट्यावर बसलो, आणि तिला झोप म्हटलं नाही.