आक्काची न धुतलेली साडी

डॉक्टरांच्या तोंडून ‘विषाणू’ हा शब्द निघाला आणि गडमुडशिंगीला सासरच्या घरात आक्काचं ताट वेगळं झालं. आक्का माझी थोरली बहीण. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, तोही उशिरा कळलेला. मग तांब्या वेगळा झाला, साड्या फिनेलच्या बादलीत जाऊ लागल्या आणि तिनं म्हशीची धार काढणं बंद झालं. दूध डेअरीला जातं, लोक काय म्हणतील!

मी कोल्हापुरात बारावीला जीवशास्त्र शिकवते. हा विषाणू ताटातून, दुधातून पसरत नाही, हे तिच्या सासूला घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. “तुझं शिक्षान तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे, बाय,” त्या म्हणाल्या. “करोनात बी आदी असंच म्हणत हुते की.”

आक्काला मात्र समजून घ्यायचं होतं. “त्यो आत जाऊन करतोय तरी काय?”

वर्गातलं एकही वाक्य मला तिच्यापुढे बोलवेना. शेवटी म्हशीवरच आले. म्हटलं, पेशीत जनुकं सगळी असतात, पण सगळी एकदम कामाला लागत नाहीत. कास भरलेली असली तरी तुझा हात लागल्याशिवाय म्हैस पान्हा सोडते का? तसंच. कुणी कधी कामाला लागायचं ते पेशी ठरवते. हा विषाणू आत शिरतो आणि तिची राखण करणारी प्रथिनं मोडून टाकतो. मग आवर घालणारी जनुकं गप्प होतात आणि गप्प बसायची ती मोकाट सुटतात.

“म्हंजी राखणदार माझ्यात तयार हुतोय, पर त्यो त्येला टिकू देत न्हाय.”

“व्हय, आक्का.”

तिनं गोठ्याकडं बोट केलं. “मग मला एकदा तरी धार काढू द्या म्हणावं. म्हस वरडतीया, मला ऐकवंना.”

रेडकापासून तिनंच वाढवलेली म्हैस. मी सांगितलं, भांडले, दाजींपुढं रडलेसुद्धा. कुणी ऐकलं नाही. थंडी सरायच्या आत आक्का गेली.

दहाव्याला गेले, तेव्हा गोठ्यात हिरवी साडी दिसली. आक्काचीच. जवळ जाऊन बघते तर तिची सासू म्हशीखाली बसलेली. आक्का गेल्यापासून म्हैस कुणालाच दूध देत नव्हती. आमच्याकडं अशा वेळी धार काढणारीची साडी नेसून बसतात, वासानं म्हैस फसते. फिनेलात धुतलेल्या साड्या तिनं हुंगून मान फिरवली होती. ही एकच धुवायची राहिलेली.

म्हशीनं पदराला नाक लावलं. चरवीत धार वाजू लागली.

“वास लागतो न्हवं तिचा,” सासू माझ्याकडं न बघता म्हणाल्या.

ती साडी त्यांच्या अंगावरून ओढून घ्यावी असं मला वाटलं. पण म्हैस आक्का आली समजून पान्हा सोडत होती. मी तिथंच दावणीला धरून रडत उभी राहिले.